चॉकलेट सिस्ट: आधी ऑपरेशन की सरळ आयव्हीएफ?

सांगलीकरीण
वय 32, जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. पाळीचं दुखणं शाळेत असल्यापासून. आधी 'लग्न झालं की थांबेल', मग 'एक मूल झालं की थांबेल' हे ऐकत आले. दिवस राहत नाहीत म्हणून दाखवायला गेले, तेव्हा कुठे एंडोमेट्रिओसिस कळला, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो तो आजार. डाव्या ओव्हरीत साडेचार सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुनं रक्त साचलेली गाठ. एएमएच, म्हणजे स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी, 1.3. इथल्या डॉक्टर म्हणतात, आधी दुर्बिणीतून सिस्ट काढू. पुण्यात दाखवलं तर म्हणाले, हात लावू नका, सरळ आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) करा. सध्या डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी चालू आहे, दुखणं निम्म्यावर आलंय. पण गोळी चालू असेपर्यंत दिवस राहायचे नाहीत. दोन्ही जमण्यासारखं काही नाहीच का?

त्यात परवा नणंदेचं डोहाळजेवण. फुलांचे दागिने मीच आणले. ओटी भरायची वेळ आली तशी आत्यासासूबाई म्हणाल्या, "तू जरा चहाचं बघतेस का?" आत गेले तर चहा कधीच गाळून ठेवलेला.

मीनल_ठाणे
चहाचं वाचून चिडचिड झाली. असो, कामाचं बोलते.

दोघंही आपापल्या जागी बरोबर असतील. सिस्ट सोलून काढताना ओव्हरीचा चांगला भागही थोडा जातो आणि एएमएच उतरतं. माझं उतरलं. युरोपातल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या 'एश्रे' संस्थेच्या 2022च्या सूचनांतही हेच आहे, की केवळ आयव्हीएफला यश यावं म्हणून सरसकट सिस्ट काढू नये. दुखणं सोसवत नसेल, सिस्ट संशयास्पद दिसत असेल किंवा तिच्यामुळे आयव्हीएफमध्ये बीजं काढायची सुई स्त्रीबीजांपर्यंत पोचत नसेल, तर गोष्ट वेगळी. माझं आतड्याला चिकटलं होतं. पाळीत संडासला बसलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची, घाम फुटायचा. ऑपरेशननंतर ते थांबलं, म्हणून मला त्याचं वाईट वाटत नाही.

तिथल्या डॉक्टरांना सरळ विचार: ऑपरेशन दुखण्यासाठी की मुलासाठी? करायचंच ठरलं तर आधी स्त्रीबीजं काढून भ्रूण गोठवून ठेवता येतील का? नळ्या उघड्या आहेत का? आणि 1.3 बघून हातपाय गाळू नकोस. इंजेक्शनं दिल्यावर साधारण किती बीजं मिळतील याचा अंदाज एएमएचवरून येतो. आपसूक दिवस राहतील की नाही, हे त्यावरून सांगता येत नाही.

सुहास_को
पुरुष आहे, चालेल ना? ताई, मिस्टरांची वीर्य तपासणी झाली का? तुमच्या पोस्टमध्ये त्यांचा उल्लेखच नाही. आमच्याकडे सगळ्या तपासण्या बायकोच्याच चालल्या होत्या. शेवटी माझी केली तर माझाही काउंट कमी. दोन ते सात दिवसांचा संयम पाळून नमुना द्यायचा, बस. ना सुई, ना भूल.

अनघा_म्हापसा
मी 43. आम्ही आयव्हीएफ थांबवलं. पैसे होते, पण माझ्यात त्राण उरलं नव्हतं. आता गोळी पुन्हा सुरू आहे, दुखणं आटोक्यात आहे. हे लिहिते कारण मुलाचा विषय मिटला तरी आजार मिटत नाही, त्याच्यासाठी वेगळा डॉक्टर धरून ठेव. 'मूल झालं की बरं होतं' हेही खरं नाही. गरोदरपणात पाळी नसते म्हणून बऱ्याच जणींना आराम पडतो, पुढे पाळी आली की दुखणं परतू शकतं.

गोळी बंद केल्यावर दुखेल, त्याची तयारी आत्ताच कर. पेनकिलर कळा वाढायची वाट बघत बसून नको, डॉक्टरांना विचारून सुरुवातीलाच, पोटात काहीतरी घालून घे. माझी शेकायची पिशवी ऑफिसच्या ड्रॉवरमध्येच असते. ज्याला बघायची त्यानं बघावी.

आणि डोहाळजेवणाला बोलावलं म्हणून जायलाच हवं असं कुठे लिहिलंय? अहेर पाठवला की झालं.

सांगलीकरीण
मीनलताई, भ्रूण गोठवण्याचं मला दोन्हीकडे कुणी बोललंच नव्हतं. शनिवारी सगळे रिपोर्ट घेऊन पुन्हा पुण्याला जातेय, गोळी कधी थांबवायची तेही विचारते.

सुहासदादा, तुमची कमेंट ह्यांना वाचायला दिली. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "रविवारी लॅब उघडी असते का बघ." म्हटलं, तेवढं तुमचं तुम्ही बघा.