अनुभव धागा: क्राफ्ट बिअर, विदर्भाच्या जिभेवर

धागाकर्ता
आपल्याकडं बिअरबद्दल दोनच प्रश्न विचारले जातात: थंड आहे का, अन् स्ट्राँग आहे का. पण पोरं पुण्या-बंगळुरात नोकरीला लागली, सुटीत आली की गव्हाची बिअर, काळी बिअर अशा क्राफ्ट बिअरच्या, म्हणजे छोट्या ब्रुअरींत (बिअरच्या कारखान्यांत) थोडी-थोडी बनवलेल्या बिअरच्या, गोष्टी सांगतात. ज्यांनी दोन-तीन ब्रुअरींच्या बिअर शेजारीशेजारी ठेवून चाखल्या असतील त्यांनी इथं लिहावं. 'एक नंबर होती' एवढ्यावर भागणार नाही, कशी होती ते सांगा. वय एकवीसच्या वर पाहिजे, अन् परत जाताना गाडी दुसऱ्यानं चालवायची. वर्धा-गडचिरोलीवाल्यांनी नुसतं वाचावं, तुमच्याकडं दारूबंदी आहे.

वरूडचा बागवाला
नागपूरला भाच्याकडं विट बिअर प्यालो. त्यानं मुद्दाम तीन कंपन्यांच्या आणल्या होत्या: बिरा व्हाइट, ग्वाल्हेरकडची व्हाइट ऱ्हायनो अन् छत्तीसगडची सिंबा. विट म्हणजे गव्हाची, बेल्जियम पद्धतीची. तिच्यात धने अन् संत्र्याची वाळलेली साल पडते. साल म्हटल्यावर माझे कान टवकारले.

तिन्हींत धने कळले. संत्रं मात्र आपलं नाही लागलं. बेल्जियममधे जुन्या पद्धतीत कडसर जातीची साल घालत, तिचा वास कोरडा असतो. आपल्या नागपुरी संत्र्याची साल ढिली, नखानं सोलली की तेल उडते अन् हाताला संध्याकाळपर्यंत वास राहते. बिरा सगळ्यांत गुळगुळीत, कडूपणा नावालाच. ऱ्हायनोत धने जास्त वाटले. मले सिंबा आवडली, पण भाचा म्हणे मामा तुमची ती तिसरी होती, तिसरी सगळ्यांलेच आवडते. मृग बहाराची साल सावलीत वाळवून एखाद्या ब्रुअरीवाल्याले द्यायची इच्छा आहे. कोणी ओळखीचं असंल तर सांगा, फुकट देतो.

देवरी, जि. गोंदिया
आमच्यापासून छत्तीसगडची हद्द हाकेवर. रायपूरला साळ्याकडं गेलो की तिथंच घेतो, बाटली इकडं आणत नाही (नाक्यावर कोण जबाब देईल). सिंबाची स्टाऊट, म्हणजे काळी बिअर, पहिल्यांदा ग्लासात ओतली तं सासरेबुवा म्हणाले, "हे तं लय कडक असंल, जावईबापू." रंग पाहून सगळेच फसतात. काळा रंग भाजलेल्या जवाचा असते, त्याचा नशेशी संबंध नाही. लेबल वाचलं तं नेहमीच्या स्ट्राँगपेक्षा कमीच टक्के निघाले. किंगफिशर स्ट्राँगवर आठपर्यंत आकडा असते.

चव कॉफीची, शेवटी थोडी जळकट. सासरेबुवांनी अर्धा ग्लास घेतला अन् बाजूला ठेवला. त्यांची जीभ मोहाच्या पहिल्या धारेवर वाढलेली, तिच्यापुढं बिअर म्हणजे पाणी. मले मात्र ते काळी हळूहळू प्यायला जमली. उन्हाळ्यात नाही जमणार, थंडीतली आहे ते.

आर्णीकर
आमच्या बारमधे क्राफ्ट मागितली. पोऱ्यानं विचारलं, "क्वार्टर का हाफ?" माझा अनुभव इथंच संपला.

दारव्ह्याची, सध्या पुण्यात
बाबा कापूस विकून मोकळे झाले की वर्षातून एखाद्या वेळी स्ट्राँग बिअर घेतात, आईला माहीत असतं. यंदा ते पुण्याला आले तेव्हा त्यांना मायक्रोब्रुअरीत नेलं, म्हणजे जिथं बिअर तिथंच बनवून ग्लासात देतात अशा जागी. पुण्यात हे प्रकरण 2009 मध्ये दूलालीपासून सुरू झालं, आता बऱ्याच जागा आहेत. दोन संध्याकाळी दोन वेगळ्या ठिकाणी गेलो आणि दोन्हीकडे छोट्या ग्लासांचा सॅम्पलर मागवला. फिक्यापासून गडदकडे जायचं, कडू शेवटी. आधी कडू घेतली की जीभ बसते आणि पुढचं काही कळत नाही.

हेफेवायझनचा (जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरचा) घोट घेतल्याबरोबर बाबा म्हणाले, "याच्यात केळ्याचा इसेन्स टाकला." लवंगही लागत होती. मी सांगितलं की काहीच टाकलेलं नाही, ही सगळी यीस्टची, म्हणजे बिअर आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवांची, करामत. पटेना. शेवटी तिथल्या ब्रुअरनं आत नेऊन टाक्या दाखवल्या. गव्हाचं आणि जवाचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), हॉप्स (कडूपणा आणि वास देणारी फुलं), पाणी, यीस्ट, एवढंच. दुसऱ्या जागेच्या हेफेवायझनमध्ये केळं कमी आणि लवंग जास्त होती. बिअरचा प्रकार एकच, पण यीस्टची जात आणि आंबवतानाचं तापमान बदललं की वास बदलतो. बाबांनी हा फरक माझ्याआधी ओळखला. कापसाची प्रत बोटांनी पाहणाऱ्या माणसाला हे सोपं असावं.

आयपीए, म्हणजे हॉप्स जास्त घातलेली कडू बिअर, त्यांना मुळीच रुचली नाही. "हा तं कडूनिंबाचा काढा आहे. याचे पैसे देऊन रायली तू?" मलाही पहिल्या जागेची नकोशी वाटली, नुसता कडूपणा. दुसऱ्या जागेची कडू होतीच, पण आधी आंब्यासारखा वास यायचा, म्हणून पुढचा घोट घ्यावासा वाटला.

बाबांनी बर्फही मागितला. ब्रुअर हसला आणि म्हणाला, फार गार केली की चव झोपते. हे पुण्यात ठीक आहे. मे महिन्यात यवतमाळात येऊन सांगावं त्यानं.

हिंगण्याचा दूधवाला
मी पीत नाही. पण जवाचा रस काढून झाला की जो ओला चोथा उरते, तो मी म्हशींसाठी आणतो. प्रथिनं चांगली असतात, ढेपेचा खर्च वाचते. दोन ठिकाणचा आणून पाह्यला. एका ठिकाणचा भाजक्या वासाचा, थोडा काळसर, तो म्हशी आधी हुंगतात मग खातात. दुसऱ्या ठिकाणचा फिका, गोड वासाचा, त्याच्यावर तुटून पडतात. उन्हाळ्यात एका दिवसात आंबते, तेव्हा आणला की लगेच घालायचा. आमच्या घरची चाखणी हे अशी.

एटापल्लीत मास्तर होतो
गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे, त्यामुळं बाटलीचं काही सांगत नाही. गोरग्याचं सांगतो, म्हणजे ताडीसारखा रस देणाऱ्या झाडाचं. माडिया लोक त्या झाडाला मडकं लावतात. पहाटेचा रस गोड, ऊन वाढलं की हवेतल्या यीस्ट अन् जिवाणूंनी आंबट होत जातो, दुपारी फेसाळतो. कोणत्या झाडाचा रस कसा लागतो यावर गावात वाद रंगतात. पुढं बंगळुरात एका ब्रुअरीत सावर (आंबट) बिअर चाखली तेव्हा तोच आंबटपणा ओळखीचा वाटला. बेल्जियमची लॅम्बिक नावाची बिअरसुद्धा अशीच हवेतल्या यीस्ट-जिवाणूंवर सोडतात. सोबतचे तोंड वाकडं करत होते, मी त्यांचेही ग्लास संपवले.

चंद्रपूर
आमच्याकडं 2015 ते 2021 बंदी होती. उठल्यावर दुकानं उघडली, पण काचेच्या कपाटात त्याच बाटल्या. मधे एका दुकानात हिरव्या बाटलीतली परदेशी दिसली म्हणून घेतली, तं उघडल्यावर जंगली मांजरावाणी वास. भाच्यानं सांगितलं, हॉप्सवर ऊन पडलं की असं होते. तपकिरी काच बरीच वाचवते, हिरवी अन् पांढरी नाही. आता मी समोरची बाटली घेतच नाही, मागच्या बंद खोक्यातली मागतो. मालक कटकट करते, पण देते.