बहिणीचं लग्न घरच्या खळ्यात, साउंड स्वतः लावायचाय, सल्ला द्या

खळ्यातला:
नमस्कार मंडळी. मेच्या दुसऱ्या आठवड्यात बहिणीचं लग्न आहे, देवगड तालुक्यात, सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावरच्या, आमच्या घरी. खळ्यातच, म्हणजे घरापुढच्या अंगणात, मांडव घालतोय, माणसं अडीचशेच्या आसपास होतील. साउंड घरचाच लावायचा असं मी आणि धाकट्या भावाने ठरवलंय. भजन मंडळाचे दोन बारा इंची पॉवर्ड स्पीकर (अँप्लिफायर आतच असलेले) मिळतायत, चार माईक लागतील एवढा छोटा मिक्सर आहे आणि माझा लॅपटॉप.

हा खटाटोप का ते सांगतो. मागच्या वर्षी चुलतभावाच्या लग्नात बाहेरून सिस्टीम आणली होती. मंगलाष्टकं सुरू झाली आणि माईक अशा शिट्ट्या मारायला लागला की आत्याने दोन कडवी म्हणून माईक खाली ठेवून दिला. ती मंगलाष्टकं तिने स्वतः रचलेली, महिनाभर वहीत खाडाखोड करून. पुढची कडवी कुणी ऐकलीच नाहीत. आता यावेळी आजी म्हणणार आहे, वय ८४, आवाज बारीक झालाय पण सूर अजून पक्का. मला नाचायला सिस्टीम नकोय, आजीचा शब्द न् शब्द मागच्या रांगेपर्यंत जायला हवा. वायरलेस माईक घेऊ की वायरचा, अजून दोन स्पीकर भाड्याने आणू का, लाईटचं काय करू, जे माहीत असेल ते सांगा.

पडवीवाला:
घरातल्या आणि वाडीतल्या मिळून सहा लग्नांना साउंड लावलाय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शिट्टी का येते तर स्पीकरमधून आलेला आवाज परत माईकमध्ये शिरतो आणि गोल गोल फिरत वाढत जातो. त्यामुळे पहिली गोष्ट म्हणजे स्पीकर माईकच्या पुढे हवेत, माईकमागे कधीच नाही. बोहल्याच्या दोन्ही बाजूंना पण बोहल्याच्या चार-पाच फूट पुढे, तोंड पाहुण्यांकडे. तुमच्या मागच्या लग्नात स्पीकर भटजींच्या पाठीमागे होते का? मी पाहिलेल्या दहातल्या आठ ठिकाणी हीच चूक असते. स्पीकर स्टँडवर चढवा, बसलेल्या माणसांच्या डोक्यांच्या वर, सहा-सात फुटांवर. खाली ठेवला की पहिल्या रांगेचे कान फुटतात आणि मागे काहीच पोचत नाही, कारण उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो आणि पुढच्यांची अंगं, साड्या, शालू तो आणखी खातात.

आजींच्या हातात माईक देऊ नका. या वयात हात थरथरतो, माईक तोंडापासून हलतो आणि आवाज येतो-जातो. वाकणारा दांडा असलेला स्टँड घ्या, आजींना खुर्चीत बसवा, माईक ओठांपासून चार बोटांवर आणि किंचित बाजूला, म्हणजे प आणि भ ला फटका बसत नाही. साधा डायनॅमिक माईक (हातात धरून गातात तो नेहमीचा) पुरे, शुअरचा एसएम ५८ कुणाकडे असला तर उत्तमच, नसला तरी त्या जातीचा कुठलाही चालेल. कॉलर माईक भटजींनाही लावू नका, उपरण्याला घासून खरखरतो आणि चहूबाजूंचं उचलतो त्यामुळे शिट्टीही लवकर धरतो. मिक्सरवर ८० हर्ट्झच्या आसपास लो कटचं, म्हणजे त्याखालचा घुमणारा जाड आवाज कापणारं, बटण असेल ते सगळ्या माईकना दाबून ठेवा, वाऱ्याची घरघर बरीच जाते. तरी माईकला फोमची टोपी घालाच, सड्यावर दुपारचा खारा वारा काही थांबत नाही.

वायर की वायरलेस यात आजींना वायरचा, डोळे झाकून. वायरलेस एखादा हवाच तर यूएचएफ पट्ट्यातला घ्या. ते २.४ गिगाहर्ट्झवाले स्वस्त येतात पण वायफाय आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात चालतं. रिसीव्हर टेबलाखाली ठेवू नका, माईकवरून दिसला पाहिजे असा उंच. मधे माणसं उभी राहिली तरी सिग्नल तुटतो.

कुडाळचो:
पडवीवाल्यान सगळा बरोबर सांगल्यान. मी एकच सांगतंय, पावसाचा बघा. गेल्या मेत भाच्याच्या लग्नाक संध्याकाळी धडाधड इलो आणि मिक्सरार पाणी गळला. मांडवाची ताडपत्री असली तरी मिक्सरच्या टेबलाक वेगळी होयी. आणि वायरी खालसून नेव नकात, बांबूक बांधून वरसून घेवा.

वायरमन_दादा:
भावा, साउंडचं मला फार कळत नाही पण लाईटचं माझं रोजचं काम आहे, म्हणून हे नीट वाच. सड्यावर खाली कातळ, त्यात मे महिना, जमीन ठणठणीत कोरडी, अशा ठिकाणी अर्थिंग बहुतेक घरांचं नावालाच असतं. आधी वायरमनकडून ते मोजून घे, खड्ड्यात मीठ-कोळसा घालून आठवडाभर आधीपासून रोज पाणी ओतायला लाव, फरक पडतो. मिक्सर, स्पीकर, लॅपटॉप सगळं एकाच बोर्डवरून, एकाच फेजवर. दिव्यांच्या माळा आणि पंखे वेगळ्या लाईनवर. एक सामान ओटीवरच्या प्लगमधून आणि दुसरं गोठ्यातल्या, असं केलंस की घूंऽऽ असा आवाज बसलाच म्हणून समज.

आणि तो आवाज घालवायला प्लगची तिसरी पिन कापायची नाही म्हणजे नाही. लोक सर्रास कापतात. भिजलेल्या मांडवात लोखंडी स्टँड आणि हातात माईक, जीव जाऊ शकतो. लॅपटॉपमुळे घूं येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालव, तरी आला तर लॅपटॉप आणि मिक्सरच्या मधे डीआय बॉक्स टाक, घूं तोडणारी छोटी पेटी असते ती.

जनरेटर एक ठरवून ठेव. दोन स्पीकर आणि मिक्सरला फार लागत नाही, स्पीकरवर हजार वॅट लिहिलेलं असतं तो क्षणभराचा आकडा. दोन-तीन केव्हीए साउंडला भरपूर झाला. घराच्या मागे लांब ठेव, खिडक्यांपासूनही दूर, धूर घरात शिरता कामा नये. लाईट जाऊन जनरेटरवर जाताना आधी स्पीकर बंद करायचे, मग मिक्सर, आणि सुरू करताना उलट, स्पीकर शेवटी.

दर्यावरचा:
माझं मत थोडं वेगळं. दोघंही भाऊ मुलीकडचे, त्या दिवशी तुम्हाला मिक्सरजवळ उभं राहायला मिळणारच नाही. ऐन मुहूर्ताला तू अंतरपाटाजवळ हवास, टेबलामागे नाही. सामान घरचं लाव पण भजन मंडळातला एखादा जाणता मुलगा दिवसभरासाठी मिक्सरवर बसव, आणि त्याला जेवायला पहिल्या पंगतीत बसव.

दुसरं, पोलीस ठाण्यात लाउडस्पीकरच्या परवानगीचा अर्ज आधी दे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद, आणि वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. शाळा, दवाखाना १०० मीटरच्या आत आहे का तेही बघ.

सनईवेडी:
गाण्यांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. सगळं लॅपटॉपवर उतरवून ठेव, सड्यावर रेंजचा भरवसा नाही. फोनवरून लावणार असशील तर फ्लाइट मोडवर, नाहीतर सनई चालू असताना मावशीचा फोन वाजतो आणि तो अख्ख्या वाडीला ऐकू येतो. सनई हळू ठेव, माणसांना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे इतकी. आणि अंतरपाट धरला की पूर्ण बंद, मंगलाष्टकांखाली काहीही वाजवू नकोस.

जादा स्पीकरचं म्हणशील तर माझ्या मते नको. आवाजाला १५ मीटर जायला ४४ मिलिसेकंद लागतात, मागचा स्पीकर तितका उशिरा वाजवला नाही तर मागच्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. ते डिले लावणं येत असेल तरच कर. दोन स्पीकर उंच आणि नीट लावलेत तर खळ्याला पुरतात.

खळ्यातला:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी भजन मंडळाचं सामान आणून खळ्यात लावून बघितलं. पहिल्यांदा घूं आला, कारण एक स्पीकर गोठ्यातल्या प्लगवर होता, वायरमन दादांनी लिहिलं होतं तस्संच. ओटीवरच्या एकाच बोर्डवर आणल्यावर गेला. पिन कापलेली एक वायर भजन मंडळाच्याच पेटीत सापडली, ती बाजूला काढून नवीन प्लग बसवला.

आजीला खुर्चीत बसवून माईक चार बोटांवर लावला. आधी ती माईककडे वाकत होती, मग भावाने सांगितलं की तू देवापुढे म्हणतेस तशीच म्हण. मी गडग्यापाशी, म्हणजे कुंपणाच्या दगडी बांधापाशी, जाऊन उभा राहिलो, साधारण वीस मीटर असेल, तिथे शेवटच्या कडव्यातलं बहिणीचं नाव स्वच्छ ऐकू आलं. आत्या पडवीत बसून ऐकत होती, रात्री तिने मागच्या वर्षीची वही काढली आणि मलाही म्हणायचंय म्हणाली. म्हणून आता दोन स्टँड लागणार, एक आहे, दुसरा कणकवलीहून भाड्याने बघतोय. मिक्सरवर मंडळातला पखवाजवाला बसायला तयार झालाय. परवानगीचा अर्ज सोमवारी देतो. जनरेटरला मागच्या परड्यात जागा बघितलीय पण तिथून बोर्डपर्यंत तीस मीटर वायर पडेल, तर वायरमन दादा, अडीच स्क्वेअर एमएमची चालेल का चारची घेऊ?

वायरमन_दादा:
नुसत्या साउंडला अडीच चालेल. पण मांडवात काम आहे, कुणीतरी पंखा जोडणारच, म्हणून चारचीच घे, आणि तीन कोअरची.