मदत हवी आहे: भेरूघाटात काटा चढला आणि आपोआप उतरला, गाडी चालवू का?

नर्मदाकाठ
नमस्कार मंडळी. १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, ७० हजार किमी. ओंकारेश्वरहून इंदूरला येताना भेरूघाटाच्या चढावर तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला, दोन-तीन मिनिटांत आपोआप खाली आला. थंड झाल्यावर पाहिलं तर कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) टाकी रिकामी. महिन्यापूर्वी अर्धा लिटर बोरिंगचं पाणी घातलं होतं. खाली थेंबही सांडलेला नाही. काटा उतरला म्हणजे धोका टळला ना?

पाना_बारा
नाही दादा, आणि कृपा करून आता सुरूही करू नका. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरं तापमान सांगतो. पातळी घसरली की तो वाफेत उघडा पडतो आणि काटा खाली येऊ शकतो. हेड (इंजिनाचा वरचा भाग) मात्र तापतच असतं. अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकलं की त्याखालची गॅस्केट (सांधा बंद ठेवणारी पट्टी) गेलीच. पुन्हा कधी शंका आली तर हीटर लावा: इंजिन गरम आणि हवा गार, म्हणजे कूलंट फिरत नाहीये.

थेंब नाही म्हणून गळती नाही असं नसतं. गरम इंजिनावर ते जागीच वाळतं, मागे रंगीत खरपुडी राहते. टॉर्च घेऊन पाइपांच्या क्लिपा, रेडिएटरची प्लॅस्टिकची कड आणि वॉटर पंपाखालचं बारीक भोक बघा. ऑइलच्या झाकणाला आतून दुधाळ साय दिसली, म्हणजे ऑइलमध्ये कूलंट मिसळल्याची शंका, तर मात्र टोइंगच.

मालवा_मेकॅनिकल
रेडिएटरचं झाकणही तपासा. इंदूरच्या उंचीवर उघडं पाणी ९८ अंशांनाच उकळतं. ०.९ बार दाब धरणाऱ्या झाकणाखाली तेच ११८ पर्यंत टिकतं, अर्धं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) असेल तर आणखी सात-आठ अंश वर. स्प्रिंग सैल पडली की हा सगळा फायदा गेला. आणि बोरिंगचं पाणी नकोच, क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात.

नर्मदाकाठ
साय नाही. पंपाच्या भोकाखाली गुलाबी-पांढरा थर आहे, नखाने खरवडला तर निघतो.

पाना_बारा
मग पंपाचं सील गेलंय. पंप आणि त्याची गॅस्केट बदला, सोबत थर्मोस्टॅटही (इंजिन गरम झाल्यावर कूलंटची वाट उघडणारी झडप), कारण कूलंट एवीतेवी काढावंच लागणार. डिस्टिल्ड वॉटरने धुवा, बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत.

भरताना इथे चूक होते: धुतल्यावर ब्लॉकमध्ये लिटरभर पाणी उरतंच. त्यावर तयार मिश्रण (आधीच पाणी घातलेलं कूलंट) ओतलं तर ते पातळ होतं. म्हणून मॅन्युअलमधली क्षमता बघा. ती ४.५ लिटर असेल तर आधी सव्वादोन लिटर कॉन्सन्ट्रेट (पाणी न घातलेलं कूलंट), मग उरलेल्या जागेत डिस्टिल्ड वॉटर. प्रकार मॅन्युअलमधलाच घ्या, रंगावर जाऊ नका. हीटर पूर्ण गरमवर ठेवून रेडिएटरचा पंखा दोनदा चालू-बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा, वरचा पाइप जाड फडक्याने दाबत राहा म्हणजे हवा निघते. रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी पातळी बघून भर घाला. गरम असताना झाकणाला हात नाही. काढलेलं कूलंट डब्यात बंद करा. ते विषारी असून चवीला गोड असतं, गल्लीतली कुत्री चाटतात.