धूळ, धुरळा आणि 'धूलिकण'

पाटीपेन्सिल :
हेलसिंकीत मराठी मुलांच्या रविवारच्या वर्गासाठी एक तक्ता करतेय. युरोपच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाताना हवेतले कण कुठे जाडे, कुठे बारीक, असा विषय. मथळा लिहिलाय, 'युरोपातील धूलिकणांच्या आकाराचे वितरण'. लिहिल्यापासून खटकतोय. 'वितरण' म्हटलं की मला रेशनचं दुकान दिसतं. दुसरं काही सुचतंय का?

वाकडी वाट :
'आकार' म्हणजे गोल, चपटा, लांबुडका. तुम्हाला लहान-मोठेपणा सांगायचाय, म्हणजे 'आकारमान'. वितरणाऐवजी 'वर्गवारी' चालेल.

खळं :
ताई, वितरण राहू द्या, खरी गोची 'धूलिकण'मध्ये आहे. धूळ म्हणजे जमिनीवरून उडालेली माती. आपल्याकडचे पेपर पीएम २.५ ला, म्हणजे अडीच मायक्रॉन नि त्याहून बारीक कणांना (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), सरसकट 'सूक्ष्म धूलिकण' म्हणतात, पण त्यातला मोठा भाग जमिनीवर कधी नव्हताच, तो हवेतच जन्मतो. इटलीतल्या पो नदीच्या खोऱ्याचं बघा. तिन्ही बाजूंना डोंगर, हिवाळ्यात वारा जवळजवळ नाही. गोठ्यांतला नि खतांतला अमोनिया आणि गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड एकत्र येऊन अमोनियम नायट्रेटचे कण तयार होतात. त्यात मातीचा संबंध काय? तरी इटालियन लोक त्याला 'पोल्वेरी सोत्तीली' म्हणजे बारीक धूळच म्हणतात. जर्मनांचा 'फाइनश्टाउब'ही तसाच. चूक आपली एकट्यांची नाही, एवढंच समाधान.

पाटीपेन्सिल :
फिनिश लोक सुटले बघा! त्यांचा शब्द 'पिएनहिउक्कासेत', म्हणजे नुसते 'लहान कण'. धुळीला वेगळा शब्द आहे, 'पोल्यू'. हिवाळ्यात बर्फावर घसरू नये म्हणून रस्त्यांवर खडी-वाळू टाकतात आणि टायरना खिळे असतात. मार्च-एप्रिलमध्ये रस्ते कोरडे झाले की ते सगळं उडतं. ती 'कातुपोल्यू', रस्त्याची धूळ. दात करकरतात अक्षरशः. आणि त्याच दिवसांत इथून दोनेकशे किलोमीटरवरच्या ह्युतिआलाच्या पाइनच्या जंगलात उलटा प्रकार. तिथे १९९६ पासून कण मोजतात. उन्हाच्या सकाळी झाडांच्या वासाची वाफ आणि हवेतलं गंधकाम्ल यांतून दोन-तीन नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचाही हजारावा भाग) कण उगवतात आणि तासाला काही नॅनोमीटर वाढत जातात.

वाकडी वाट :
'उगवतात' फार छान. त्याला धूळ म्हणणं म्हणजे दवाला पाऊस म्हणण्यासारखं.

खळं :
आणखी एक. आकारमान म्हटलं की आपल्याला चाळण आठवते. वरती रवा, खाली मैदा. पण पीएम १० मधला १० चाळणीचा नाही, उफणणीचा आहे. खळ्यावर सूप उंच धरून धान्य सोडलं की दाणा पायाशी पडतो, भूस लांब जातं. भूस दाण्याहून लांब असलं तरी. इथेही कण हवेत कसा पडतो त्यावरून त्याचा व्यास ठरवतात, त्याला 'वायुगतिकीय व्यास' म्हणतात. वाळूचा सहा मायक्रॉनचा गोल कण पाण्याच्या दहा मायक्रॉनच्या थेंबाच्या वेगाने पडतो, म्हणून तोही 'दहा'चाच. असा कण शांत हवेत तासाला अकराएक मीटर खाली येतो. एक मायक्रॉनचा थेंब तेवढ्याच वेळात वीतभरही येत नाही. कण मोजणाऱ्या यंत्राच्या तोंडाशी हवेला एकदम वळण देतात, जड कण वळू न शकल्याने तिथेच आपटून अडकतात. दहाच्या कणांपैकी साधारण निम्मे तरीही आत जातातच. चाळणीने असं केलं असतं तर आजीने फेकून दिली असती.

जुना खडू :
मला वाटतं मराठीने हे आधीच केलंय. पडलेली ती धूळ, उडालेला तो धुरळा. धूळ बसते, साचते, वस्तू धूळ खात पडतात; धुरळा उडतो आणि खाली बसतो. फुफाटा तर पायाला भाजतो. आपण मापावरून नावं दिलीच नाहीत, वागण्यावरून दिली.

वाकडी वाट :
मग फेब्रुवारी २०२१ मध्ये सहारातून येऊन आल्प्सचा बर्फ नारिंगी करून गेला तो धुरळा म्हणायचा?

जुना खडू :
हवेत होता तोवर धुरळा, बर्फावर बसल्यावर धूळ.

खळं :
नाही पटत. धुरळ्याला उडवणारा समोर दिसावा लागतो, बैलगाडी, एसटी, निदान मेंढरं. हजारो किलोमीटर लांबून, उंचावरून आलेली ती धूळच. जाडे कण वाटेत गळून पडतात, उत्तरेकडे जावं तसा उरलेला माल बारीक होत जातो.

पाटीपेन्सिल :
बरं, तुमचं भांडण चालू द्या. मथळा ठरला : 'युरोपच्या हवेतले कण : कुठे किती बारीक'. सहाराच्या बाणावर 'धूळ' लिहितेय, हेलसिंकीवरही. पोच्या खोऱ्यावर आणि जंगलावर नुसतं 'कण'. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर काय लिहू? तिथे लाटा फुटून मिठाचे कण उडतात.

जुना खडू :
'खारा वारा' लिहा. कोकणातल्या पोराला समजावून सांगावं लागणार नाही, खिडकीचे गज कशाने गंजतात ते त्याला माहीत असतं.