बिलावर काय छापावे: 'खासगी माहिती' की 'वैयक्तिक माहिती'?

शनिवारपेठी: लक्ष्मी रोडवरच्या कापड दुकानाच्या बिलावर हे छापायचे आहे: 'आपली खासगी माहिती आम्ही कोणालाही देत नाही.' 'खासगी' लिहू की 'खाजगी'?

कलमबहाद्दर: दोन्ही रूढ आहेत, पण इथे दोन्ही तोकडे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा शब्द नावातच 'वैयक्तिक' आहे. ज्या माहितीवरून माणूस ओळखू येतो ती सगळी त्यात येते: नाव, मोबाइल नंबर, वाढदिवस, कितीची पैठणी घेतली तेही. गुपित असण्याची गरज नाही. 'नंबर तर गल्लीभर माहीत आहे' हा बचाव टिकत नाही. ग्राहकाने स्वतःहून जाहीर केलेली माहिती मात्र या कायद्याबाहेर. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये वेगळी भाषा आहे. ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला उघड करणे ही तिथे अनुचित व्यापारी प्रथा. 'खासगी' शोभेल तर तिथे.

शनिवारपेठी: म्हणजे 'वैयक्तिक' केले की झाले?

कलमबहाद्दर: नाही, 'कोणालाही देत नाही' हे खोटे ठरेल. एसएमएस पाठवणारी कंपनी, बिलिंग सॉफ्टवेअरवाला, कुरिअर यांच्याकडे नंबर जातोच. ते दुकानाच्या वतीने काम करतात. त्यांच्याशी करार हवा, आणि घोळ त्यांनी घातला तरी जबाब दुकानाला द्यावा लागतो. शेजारच्या सराफाला लग्नसराईची यादी देणे हे निराळे. तिथे उद्देशच बदलतो, म्हणून त्यासाठी वेगळी संमती लागते.

रेघोटी: आणि 'खरेदी केली म्हणजे संमती आहे असे समजले जाईल' हे पुणेरी पाटीला शोभते, कायद्याला नाही. संमती मोकळेपणी, नेमक्या कामापुरती, बिनशर्त आणि स्पष्ट कृतीने दिलेली लागते. आधीच टिक केलेला चौकोन बाद. बिल मोबाइलवर मागून ग्राहकाने आपणहून नंबर दिला, तर बिल पाठवा. दिवाळी सेलची जाहिरात त्यात बसत नाही. संमती काढून घेणेही देण्याइतकेच सोपे हवे, आणि सूचना मराठीत वाचण्याची सोय हवी.

शनिवारपेठी: दंड?

रेघोटी: डेटा कायद्यात माहितीच्या सुरक्षेत हयगय झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत, इतर बहुतेक उल्लंघनांना ५० कोटींपर्यंत. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत आहे. तोवर मोकळे रान समजू नका, ग्राहक कायदा आजही लागू आहे.

कलमबहाद्दर: मजकूर असा करा: 'आपले नाव व मोबाइल नंबर फक्त बिल पाठवण्यासाठी वापरतो. जाहिरातीसाठी वेगळी संमती घेतो. संमती मागे घेण्यासाठी किंवा तक्रारीसाठी संपर्क:' आणि खाली चालू नंबर. तक्रार डेटा कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाकडे कशी न्यायची तेही सूचनेत लागते. बिलावर जागा नसेल तर क्यूआर कोड द्या.

शनिवारपेठी: मालक अजून वहीत लिहितात.

कलमबहाद्दर: वहीतच राहिले तर डेटा कायदा लागू नाही. पानाचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवला की लागू. ग्राहक कायद्याला मात्र वही काय नि मोबाइल काय, सारखेच.