वडाचा बुंधा जाडच होत नाहीये, ५ वर्षं झाली

ग्रिलमधला_वड:
नमस्कार मंडळी. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या बिल्डिंगच्या मागच्या भिंतीत, पायपाच्या जॉइंटजवळ एक वडाचं रोप उगवलेलं, वॉचमनकाका उपटून फेकणार तेवढ्यात मी मागून घेतलं आणि व्हिडिओ बघून बघून बोनसाय करायला घेतलं. पहिल्याच वर्षी निळा सिरॅमिकचा चपटा ट्रे आणला. फांद्यांना तारा बांधून वरचा आकार बऱ्यापैकी आलाय, पानंही आधीपेक्षा लहान झालीत, पण खाली बुंधा म्हणजे माझ्या अंगठ्याएवढा. काल आईच्या शिवणाच्या टेपने मोजला, घेर ७ सेंटीमीटर, मागच्या वर्षी पण जवळपास तेवढाच होता. आई म्हणते वड कसला, कढीपत्ता वाटतो.
डोंबिवलीला राहतो, पूर्वेचं ग्रिल आहे, सकाळचं ३ तास ऊन मिळतं. शेंडा वाढला की लगेच खुडतो, त्यात कधी आळस केलेला नाही. डीएपी खत वाढवू का? आणि बुंध्याला तार आवळून बांधली की जाड होतो असं एकाने सांगितलं, ते खरं का?

कुंडीतलं_रान:
दादा, लग्नाआधीच बारशाची तयारी केलीत तुम्ही 😄
राग मानू नका पण चूक खतात नाहीये, ट्रे आणि कात्री यांच्यात आहे. सालीच्या आत (नखाने खरवडलं की हिरवं दिसतं ना, त्याच्याही खाली) लाकडाला लागून जो पातळ थर असतो ना तो दरवर्षी आतल्या बाजूला नवीन लाकूड घालत जातो आणि त्यासाठी लागणारी साखर येते पानांतून. जेवढी पानं जास्त, फांद्या लांब, तेवढं बुंध्यात लाकूड जास्त. तुम्ही घरातल्या कमावत्या माणसालाच दर आठवड्याला बाहेर काढताय आणि वर विचारताय शिल्लक का पडत नाही. त्यात ट्रे २ इंच खोल, मुळांना जागाच नाही, मग झाड जगतं पण वाढत नाही. खरं तर ट्रेचं कामच ते आहे, झाड आहे तेवढंच ठेवणं. म्हणून आधी बुंधा करायचा आणि ट्रे सगळ्यात शेवटी. डीएपी ओतून काही होणार नाही, उलट तेवढ्याशा मातीत मुळं जळतील.
माझं नांदरुकाचं (वडाच्याच जातीतलं) झाड पेन्सिलीएवढं असताना गावी विहिरीजवळ जमिनीत लावलं आणि ३ पावसाळे त्याच्याकडे बघितलंच नाही, काढलं तेव्हा बुंधा मनगटाएवढा झालेला. कुंडीत १० वर्षांत झालं नसतं.

पारंबी:
जमीन सगळ्यांकडे नसते हो. मी भाजीवाल्याकडून प्लास्टिकचा जाळीचा क्रेट आणते, आत शेडनेटचा तुकडा अंथरायचा की माती गळत नाही. जाळीमुळे हवा खेळते, मुळं कडेला येऊन सुकतात आणि मागून नवीन बारीक मुळं फुटतात, कुंडीत गोल गोल फिरतात तशी फिरत नाहीत. मिश्रणात मी विटांचे बारीक तुकडे, कोकोपीट आणि शेणखत घालते, वाळू थोडीच, आमच्याकडची फार बारीक असते आणि चिखल होतो.
आता मुख्य गोष्ट. नुसतं जाड खोड नको, खाली जमिनीला पकडून बसलेला बुंधा पाहिजे. त्यासाठी क्रेटमध्ये साधारण ४ इंच खाली एक लादीचा तुकडा ठेवा, फुटाएवढा. तुमचं झाड भिंतीतलं आहे म्हणजे एखादं मूळ सरळ खाली गेलेलं असणारच, ते कापा आणि बाकीची आडवी मुळं लादीवर हाताच्या बोटांसारखी चहूबाजूंनी पसरून वर माती घाला. खाली जाता येत नाही म्हणून ती आडवी जाड होतात आणि त्यांच्यासोबत बुंधाही पसरतो. एका बाजूला मूळच नसेल तर ती बाजू चपटी राहते, हे मी स्वतः ४ वर्षांनी शिकले. जूनचा पहिला पाऊस पडला की करा, नंतर १०-१५ दिवस सावलीत ठेवा.

बोगनवेल_विरोधी:
तारेबद्दल मी सांगतो कारण मी भोगलंय.
बांधकामाची तार असते ना लोखंडी, ती नांदरुकाच्या खोडाला मातीच्या वर २ बोटं पक्कडीने पिरगाळून घट्ट केली आणि विसरलो. वरून येणारी साखर सालीतूनच खाली उतरते, तारेपाशी वाट बंद, मग तारेच्या वरचा भाग फुगतो आणि खालचा उपाशी राहतो. म्हणजे जे जाड पाहिजे तेच बारीक राहिलं! ८-९ महिन्यांनी बघतो तर तार सालीत गडप आणि खोड नारळ गिळलेल्या अजगरासारखं. काढायला गेलो तर चिकाने हात, शर्ट सगळं माखलं आणि तार निम्मी आतच.
तार वापरायचीच असेल तर ती मातीखाली गाडली गेली पाहिजे, म्हणजे फुगलेल्या भागातून नवीन मुळं सगळीकडून सुटतात आणि नंतर जुना खालचा तुकडा कापून टाकता येतो. पण हे नवीन बुंधा बनवण्याचं काम आहे, जाड करायचं औषध नाही.

ग्रिलमधला_वड:
अरे बापरे, बरं झालं विचारलं. तार कॅन्सल. आता फांद्या खुडायच्याच नाहीत म्हणजे ५ वर्षांचा आकार गेलाच ना माझा?

कुंडीतलं_रान:
सगळा नाही जाणार. सगळ्यात खालची, शक्यतो मागच्या बाजूची एक फांदी निवडा आणि तिला मोकाट सोडा, ४-५ फूट जाऊ दे, शेंड्याला हात लावायचा नाही. बाकीच्या नेहमीसारख्या छाटत राहा. ती फांदी जिथून निघते तिथपासून खालचंच खोड ती जाड करते, वरचं नाही, त्यामुळे खाली जाड आणि वर निमुळतं असं आपोआप होतं. काम झालं की ती बुडापासून उडवायची. वडाची जखम भरून येते, मागे असली की दिसतही नाही. पण खरं सांगू, ५ वर्षांच्या आकारावर एवढा जीव लावू नका. बुंधा मनासारखा झाला की वरचं सगळं कापून पुन्हा फोडता येतं, वड कसल्याही ठिकाणाहून फुटतो.

पारंबी:
३ तास उन्हात मात्र फार वेळ लागेल हं, आधीच सांगते. सोसायटीची गच्ची मिळते का बघा.

घाटावरचा:
अजून एक जुगाड. नांदरुकाच्या ७-८ काड्या एकत्र, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने करकचून बांधा, मुळं फुटली की एकाच खड्ड्यात. वड-पिंपळ-नांदरूक या जातीची खोडं एकमेकांना चिकटतात आणि २-३ वर्षांत एकच खोड वाटायला लागतं. काड्या मात्र एकाच झाडाच्या घ्या, नाहीतर अर्ध्या बुंध्याची साल एका रंगाची आणि अर्ध्याची वेगळी. विचारू नका मला कसं माहीत.
आणि गावी जमिनीत लावणाऱ्यांनी काटेरी कुंपण घाला. माझं २ वर्षांचं झाड शेजारच्या शेळीने एका दुपारी साफ केलं, वडाचा पाला म्हणजे त्यांची मेजवानी.

ग्रिलमधला_वड:
अपडेट. गच्चीचं सेक्रेटरींना विचारलं, ते म्हणाले टाकीजवळ ठेवा पण स्लॅबवर पाणी साचलं तर तुम्ही बघा. क्रेट मिळाला, ४० रुपये. लादी आमच्याच किचनच्या कामातली उरलेली. मुळं उघडली तर पारंबीताई म्हणाल्या तसंच, एक मूळ ट्रेमध्ये ३ वेटोळी घालून बसलेलं, करंगळीपेक्षा जाड, ते कापताना हात थरथरले. आता बाकी बाजूंना मुळं आहेत, पण आधी खिडकीकडे असायची त्या बाजूला एकही नाही.

पारंबी:
त्या बाजूला साल थोडी खरवडून ओला मॉस (शेवाळ) बांधा आणि माती चढवा, वड आहे, पावसात फुटेल. आणि निळ्या ट्रेचं काय केलंत?

ग्रिलमधला_वड:
आईने त्यात कोथिंबीर पेरली.