विदर्भात म्हणे जलरंगाला मूडच नाही

पळसझाड: काल इथं एकानं लिहिलं, 'जलरंगात मूड पाहिजे तर कोकणात जा, विदर्भात नुसतं ऊन अन् धूळ.' रात्रभर डोक्यातून गेलं नाही. मे महिन्यात दुपारी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहून पाहा. लांबचं बाभूळबन निळं होत नाही, धुळीनं पिवळट राखाडी होतं, कडा विरतात. अल्ट्रामरीन निळा, त्यात बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी जरा जास्त, पाणी भरपूर, एकच वॉश, म्हणजे पातळ रंगाचा एकसंध हात. मूड टोनमध्ये, रंगाच्या गडद-फिकटपणात असतो.

दूरचा_डोंगर: मीच लिहिलं ते. 44 अंशात ब्रश दुसऱ्या टोकाला पोचेस्तोवर पहिली कड वाळते. यवतमाळजवळ तीन उन्हाळे बसलो, तिन्ही वेळा आकाशात पट्टे. मला शिकवू नका.

पळसझाड: कागद दोन्हीकडून भिजवा, खाली ओलं फडकं घाला, पहाटे बसा. आणि डिसेंबरातली धुवारी, ते दाट धुकं? तुरीच्या वावरात उतरली की पाच पावलांवरचा बैल नुसता एक ओला डाग दिसतो.

काळीमाती: धुवारीचं नाव नका काढू बाप्पा. तीन दिवस राहिली अन् माह्या तुरीचा फुलोरा सारा खाली. तुमाले त्याच्यात मूड दिसते, मले कर्ज.

पळसझाड: माझ्या बापाचंही वावर तुरीचंच आहे. त्या सकाळी तो धुऱ्यावर बसून होता, तेच रंगवलं. मजा म्हणून नाही.

खडूफळा: मूड राहू द्या, कागदाचं बोला. मी चित्रकला शिकवतो. पोरं साध्या वहीवर वॉश टाकतात. कागद फुगतो, दुसऱ्या हाताला लव निघते. शंभर टक्के कॉटनचा 300 जीएसएम, म्हणजे जाडजूड कागद कोणाच्या बापाला परवडतो? कापूस आपला, कागद बाहेरून!

दूरचा_डोंगर: गुरुजी, तो कागद सहसा रुईचा, म्हणजे लांब धाग्याच्या कापसाचा नसतो. जिनिंगमध्ये रुई वेगळी काढल्यावर सरकीवर जी आखूड लव राहते तिचा, नाहीतर चिंध्यांचा.

काळीमाती: सरकी कोनाची मंग? आमचीच ना!

खडूफळा: तेच म्हणतो मी! जिनिंग आपल्या तालुक्यात, अन् माझ्या वर्गात चाळीस पोरांत चांगला कागद एकाहीजवळ नाही.

दूरचा_डोंगर: बरं, मान्य. आज पहाटे कागद दोन्हीकडून भिजवून पाहिला. झाडं बिघडली, आकाशात पट्टे आले नाहीत. कोकणाबद्दलचं मत मात्र तेच आहे.

काळीमाती: औंदा धुवारीत या माह्या वावरात. आधी तूर पाहा, मंग रंगवा. अन् त्या कागदाचं एक पान माह्या पोरीलेही आणा.